फळ्याशेजारचा पडदा : खान्देशातील डिजिटल शाळा आणि मुलांचे अवधान

धुळे जिल्हा परिषदेच्या सुमारे अकराशे प्राथमिक शाळांमध्ये २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत जे घडले, त्याची दखल दोन कारणांसाठी घ्यावी लागते. धुळे, साक्री, शिरपूर आणि शिंदखेडा एवढ्या चार तालुक्यांच्या, बव्हंशी कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या या जिल्ह्याने आपल्या जवळपास सर्व सरकारी प्राथमिक शाळांत प्रोजेक्टर, पडदा किंवा मोठा टीव्ही पोहोचवला आणि संपूर्ण डिजिटल शाळांचा राज्यातील पहिला जिल्हा म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले, हे पहिले कारण. या साहित्याच्या खर्चाचा मोठा वाटा शासनाच्या तिजोरीतून न येता गावकऱ्यांच्या खिशातून आला, हे दुसरे. आणि पहिल्यापेक्षा हे दुसरे कारणच अधिक महत्त्वाचे आहे.

या मोहिमेमागे मूळचे धुळ्याचे आणि न्यूयॉर्कमध्ये गुंतवणूक बँकिंगच्या क्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक यांचा पुढाकार होता. त्यांनी वेळोवेळी मायदेशी येऊन गावोगावी ‘प्रेरणा सभा’ घेतल्या. सरपंच, पालक, शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, गावातून नोकरीनिमित्त बाहेर पडलेली मंडळी आणि शिक्षक यांना एकत्र बसवून, शाळा ही शासनाची नसून गावाची आहे हे त्यांच्या गळी उतरवायचे आणि डिजिटल वर्गासाठी तिथल्या तिथे वर्गणी जाहीर करायला लावायची, असे या सभांचे साधारण स्वरूप होते; गावाने आपला वाटा उचलला की उरलेली रक्कम विभांडिक घालत. देवळाच्या जीर्णोद्धाराला, सप्ताहाला किंवा यात्रेला पावती फाडणे खान्देशातल्या गावांना नवे नव्हते, पण त्याच सवयीचा ओघ शाळेकडे वळवता येतो, हे या सभांनी दाखवून दिले. फुकट मिळालेल्या वस्तूची जी गत सरकारी गोदामात होते, ती वर्गणीतून आलेल्या टीव्हीची सहसा होत नाही, कारण ज्याने पाचशे रुपये दिलेले असतात, तो शाळेवरून जाताना टीव्ही चालू आहे की नाही, हे विचारल्याशिवाय राहत नाही.

धुळ्यातील हे काम एकाकी नव्हते. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला होता आणि ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरील शाळेत संदीप गुंड यांनी उभा केलेला डिजिटल वर्ग राज्यभरच्या शिक्षकांना माहीत झाला होता. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द याच काळात रूढ झाला. स्वतः चित्रफिती तयार करणारे, साधी शैक्षणिक अ‍ॅप बनवणारे, ब्लॉग चालवणारे आणि पेन ड्राइव्हमधून एकमेकांना साहित्य पुरवणारे हे शिक्षक कोणत्याही कंपनीचे गिऱ्हाईक नव्हते, तर आपापल्या वर्गाची नड भागवत होते. ‘डिजिटल शाळा’ ही संज्ञा मात्र तेव्हापासून फार सैलपणे वापरली जाते. एका शाळेत तिचा अर्थ एक एलईडी टीव्ही आणि त्यात खोचलेला पेन ड्राइव्ह एवढाच असतो, दुसऱ्या शाळेत पडद्यावर बोटाने किंवा खास पेनाने लिहिता येईल असा संवादी फळा असतो, तर तिसरीकडे प्रत्येक गटाच्या हातात एकेक टॅब्लेट असतो. आणि अहवालाच्या रकान्यात तिन्ही शाळांपुढे सारखेच ‘होय’ लिहिले जाते. त्यामुळे शंभर टक्के हा आकडा वस्तूंविषयी सांगतो, वर्गात काय चालते याविषयी फारसे काही सांगत नाही.

मुलांचे मन शिकण्यात गुंतावे म्हणून हाताशी असलेले साधन वापरण्याची खटपट या प्रदेशात बरीच जुनी आहे. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ हस्तलिखित रूपात चालवले होते. रोज स्वतःच्या हाताने लिहिलेले ते पान मुले वाचत, कारण त्यात त्यांच्याच जगाची बातमी असे. यंत्राच्या मदतीने शिकवण्याचे पुढचे मोठे प्रयोग मात्र वरून खाली आले. १९७५-७६ मध्ये अमेरिकी उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक दूरचित्रवाणी पोहोचवणारा ‘साइट’ प्रकल्प झाला, ज्यात महाराष्ट्र नव्हता. त्यानंतर १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था निघाली, जिचे कार्यक्रम दूरदर्शनवर पाहिलेली एक पिढी आज चाळिशीत आहे आणि जी २०१७ मध्ये बंद झाली. या दोन्ही प्रयत्नांत चांगले साहित्य होते, परंतु पडद्याने बोलावे आणि मुलाने ऐकावे अशीच त्यांची रचना होती. आजच्या बऱ्याचशा डिजिटल वर्गांनी यंत्र नवे आणले आणि रचना तीच ठेवली, ही या विषयातली खरी अडचण आहे.

ती नीट समजण्यासाठी मुलांचे ‘गुंतणे’ म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे. शिक्षणशास्त्रात या गुंतण्याचे तीन पदर मानले जातात. वर्तनाचा पदर म्हणजे मूल वर्गात हजर आहे, समोर बघते आहे, सांगितलेले करते आहे. भावनेचा पदर म्हणजे त्याला शाळेत यावेसे वाटते, तिथे भीती वाटत नाही, शिक्षक आणि सोबती आपले वाटतात. आणि बुद्धीचा पदर म्हणजे ते समोरच्या गोष्टीशी झटते, तिचा अंदाज बांधते, चुकते आणि चूक कशामुळे झाली ते शोधते. टीव्ही सुरू केल्याबरोबर पहिला पदर जवळजवळ आपोआप हाती लागतो. पहिली-दुसरीची चाळीस मुले रंगीत चित्रे हलू लागताच गप्प होतात आणि तपासणीला आलेल्या पाहुण्याला वर्ग रंगलेला दिसतो. दुसरा पदरही काही काळ लाभतो. डिजिटल वर्ग सुरू झाल्यावर उपस्थिती सुधारल्याचे आणि इंग्रजी माध्यमाकडे गेलेली मुले परत आल्याचे अनेक ठिकाणचे शिक्षक सांगतात, आणि पटसंख्येअभावी शाळेच्या अस्तित्वावरच प्रश्नचिन्ह लागलेले असताना ही गोष्ट क्षुल्लक नाही. तिसरा पदर मात्र यंत्राच्या बटणाने चालू होत नाही. कवितेची चित्रफीत दहा वेळा पाहिलेली मुले ती चालीवर म्हणतात, पण त्यांतल्या कितींना ती पुस्तकात बोट ठेवून वाचता येते, हे तपासले की अनेकदा निराशा पदरी येते.

जगभरच्या पाहण्याही याच दिशेने बोट दाखवतात. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट या छोट्या वस्तीच्या मराठी शाळेत २००७ मध्ये ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा भारतातील पहिला प्रयोग झाला होता आणि हिरव्या-पांढऱ्या रंगाच्या त्या चिमुकल्या यंत्रांचे त्या वेळी मोठे कौतुकही झाले होते. हाच उपक्रम मोठ्या प्रमाणावर राबवलेल्या पेरू देशात २०१२ मध्ये जेव्हा काटेकोर मूल्यमापन झाले, तेव्हा मुलांचा संगणकाशी परिचय वाढला, पण भाषा आणि गणित या विषयांत सुधारणा झाल्याचा पुरावा मिळाला नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या २०१५ च्या अहवालातही, शाळांतील संगणकांवर मोठा खर्च केलेल्या देशांच्या वाचन, गणित व विज्ञानातील कामगिरीत ठळक फरक पडलेला दिसला नाही. गुजरातमध्ये ज्ञानशाला या संस्थेच्या वर्गांत झालेला एक अभ्यास तर अधिकच बोलका आहे. शाळेच्या वेळेत शिक्षकाच्या शिकवण्याऐवजी संगणक वापरला गेला, तिथे मुलांचे नुकसान झाले. तोच संगणक शाळेनंतर, झालेल्या शिकवण्याला जोड म्हणून वापरला गेला, तेव्हा फायदा झाला. यंत्र तेच, धडे तेच, मुलेही त्याच थरातली. बदलली ती फक्त त्याची जागा.

याच्या उलट बाजूचा पुरावा दिल्लीतून मिळतो. २०१५ मध्ये तेथे सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळेनंतरच्या केंद्रांत ‘माइंडस्पार्क’ ही संगणक प्रणाली वापरून झालेल्या अभ्यासात साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी या दोन्ही विषयांत लक्षणीय प्रगती दिसली. या प्रणालीत फार आकर्षक चित्रे होती म्हणून हे घडले नाही, तर मूल कोणत्या इयत्तेत बसते याकडे दुर्लक्ष करून त्याला प्रत्यक्षात काय येते, हे शोधून तिथूनच प्रश्न विचारण्याची सोय तिच्यात होती. सहावीतील मूल गणितात दोन-अडीच इयत्ता मागे असेल, तर त्याला सहावीचा धडा कितीही सुंदर चित्रफितीत दाखवला तरी तो त्याच्या डोक्यावरूनच जातो. आपल्याला जमेल असे, तरीही थोडे ताणणारे काम मिळाले की मूल गुंतते आणि न झेपणारे काम मिळाले की ते खिडकीबाहेर बघू लागते, ही गोष्ट जुन्या एकशिक्षकी शाळेतील गुरुजींनाही ठाऊक होती. फक्त चाळीस मुलांसाठी चाळीस वेगळे प्रश्न काढणे माणसाच्या आवाक्यातले नव्हते आणि यंत्राच्या आहे.

साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातील किंवा चोपडा-यावल पट्ट्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत हे सारे कसे उतरेल, हा पुढचा प्रश्न आहे. या भागात पहिली ते चौथीचे वर्ग आणि शिक्षक दोन, अशा द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. म्हणजे एका शिक्षकापुढे एकाच वेळी दोन इयत्ता बसलेल्या असतात आणि एका इयत्तेला शिकवताना दुसरी मोकळी राहते. अशा ठिकाणी टीव्हीचा वापर मोकळ्या इयत्तेला गप्प बसवण्यासाठी होण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि तो तसा होतोही. परंतु त्याच शाळेत शिक्षकाच्या हातातील एकच स्मार्टफोन आणि छापलेले कागद यांच्या जोरावर संपूर्ण वर्गाला विचार करायला लावता येतो, याचे ‘प्लिकर्स’ हे उत्तम उदाहरण आहे.

या पद्धतीत प्रत्येक मुलाला एक कागदी कार्ड मिळते, ज्यावर चौकटींची एक काळी-पांढरी आकृती असते आणि तिच्या चार कडांना ए, बी, सी, डी अशी बारीक अक्षरे छापलेली असतात. प्रत्येक कार्डावरील आकृती निराळी असल्यामुळे फोनला ते कार्ड कोणत्या क्रमांकाच्या मुलाचे आहे, हे ओळखता येते, आणि कोणती कड वर धरली आहे यावरून त्याचे उत्तरही कळते. समजा, शिक्षकाने चौथीच्या वर्गाला विचारले की कळण्याच्या भाकरीचा तिसरा हिस्सा मोठा की चौथा हिस्सा मोठा. मुले आपापले कार्ड उत्तराप्रमाणे फिरवून उंच धरतात, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून एकदा फिरवतो आणि काही सेकंदांत त्याला कळते की निम्म्याहून अधिक मुलांनी चौथा हिस्सा मोठा मानला आहे, कारण चार ही संख्या तीनपेक्षा मोठी आहे. शेजाऱ्याचे कार्ड बघून नक्कल करता येत नाही, कारण त्याची आकृतीच वेगळी असते. आणि एरवी कधीच हात वर न करणाऱ्या मुलीचे उत्तरही, तिला उभे न करता, शिक्षकापर्यंत पोहोचते. मागच्या बाकावरचा हुशार मुलगा ओरडून उत्तर सांगतो आणि सगळ्या वर्गाला समजले असे गृहीत धरून धडा पुढे सरकतो, हा नेहमीचा प्रकार इथे घडू शकत नाही.

खरा लाभ मात्र यानंतरच्या पाच मिनिटांत आहे. हार्वर्ड विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी एक पद्धत रूढ केली, जिला सहाध्यायी अध्यापन म्हणता येईल. प्रश्न विचारायचा, प्रत्येकाचे उत्तर घ्यायचे, बरोबर उत्तर न सांगता शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायला सांगायचे आणि मग पुन्हा उत्तरे घ्यायची. भाकरीच्या प्रश्नावर हे केले तर वर्गात गलका होतो, कोणी पाटीवर वर्तुळ काढते, कोणी घरी भाकरी तिघांत आणि चौघांत वाटताना काय होते ते सांगू लागते, आणि दुसऱ्या फेरीत बरीच उत्तरे बदलतात. तंत्रज्ञानाने इथे शिकवले काहीच नाही. त्याने शिक्षकाला वर्गाच्या मनात काय आहे ते दाखवले आणि मुलांना एकमेकांशी वाद घालायला विषय दिला. गप्प बसलेल्या डिजिटल वर्गापेक्षा हा गलक्याचा वर्ग तपासणीच्या दिवशी वाईट दिसेल, हे मात्र खरे. या पद्धतीत प्रश्न आधी भरून ठेवावे लागतात आणि फोनला इंटरनेट लागते, तेव्हा डोंगरातल्या ज्या पाड्यावर फोनला रेंज नाही, तिथे चार रंगांचे पुठ्ठे वर करून हेच काम जवळपास तितकेच चांगले साधता येते.

चित्रफितीलाही हाच न्याय लावता येतो. चंद्राच्या कला शिकवताना पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांची हलती चित्रे थेट दाखवली तर मुले ती पाहतात आणि विसरतात. अमावास्येनंतरच्या पंधरवड्यात रोज संध्याकाळी चंद्र कुठे आणि केवढा दिसला, याचे चित्र वहीत काढून आणायला सांगितले, मग पुढे काय होत असेल याचा अंदाज विचारला आणि त्यानंतर तीच चित्रफीत दर अर्ध्या मिनिटाला थांबवत दाखवली, तर मुले तिच्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील विज्ञान-गणिताच्या संवादी प्रतिकृती, ज्यांपैकी कितीतरी मराठीतही उपलब्ध आहेत, अशाच रीतीने वापरायच्या असतात. विद्युतमंडलातील तार मुलाने स्वतः जोडायची असते आणि दिवा का लागला नाही, हे त्याने शोधायचे असते. शिक्षकच फळ्यावर सगळे करून दाखवू लागला तर ती प्रतिकृती म्हणजे महागडा तक्ता होतो.

खान्देशात या साऱ्याला भाषेचा एक जादा पैलू आहे आणि बाहेरून येणारे तयार साहित्य त्याकडे बव्हंशी काणाडोळा करते. धुळे आणि जळगावच्या पश्चिम तालुक्यांतील घरांत अहिराणी, यावल-रावेर-भुसावळकडे लेवा गणबोली, सातपुड्यात पावरी आणि भिलीची विविध रूपे, साक्रीच्या डोंगराळ भागात कोकणी आणि मावची बोलली जाते. पहिलीत आलेल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेली सफाईदार प्रमाण मराठी ऐकवली की ते चित्र बघते आणि बोलणे सोडून देते. ज्या पडद्याने मुलाला शाळेशी जोडायचे, तोच अशा वेळी शाळा ही दुसऱ्यांची जागा असल्याचे त्याच्या मनावर बिंबवतो. वास्तविक आवाज मुद्रित करण्याची फोनमधील साधी सोय इथे सर्वांत उपयोगाची आहे. गावातील आजीची गोष्ट तिच्याच बोलीत मुद्रित करून वर्गात ऐकवणे, मुलांनी ती पुन्हा सांगणे, मग तिचे शब्द फळ्यावर मराठीत लिहिणे, अशा क्रमाने बोलीकडून प्रमाणभाषेकडे जाणारी वाट कोणत्याही विकतच्या अ‍ॅपशिवाय तयार होते. बहिणाबाई चौधरींची गाणी सोपानदेवांनी वेळीच कागदावर उतरवली नसती तर ती शेतातच विरून गेली असती. आज ज्या शिक्षकाच्या खिशात ध्वनिमुद्रक आहे, त्याच्या गावातही सांगण्याजोगे पुष्कळ काही असते.

पाठ्यपुस्तकाला थेट पडद्याशी जोडण्याचा मार्गही महाराष्ट्रातूनच निघाला. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापून त्यामागे कविता, चित्रफिती आणि स्वाध्याय ठेवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत हे कोड आले, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाशी ते जोडले गेले आणि ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्याच वर्षी करोनामुळे शाळा बंद होत्या आणि फोन हीच शाळा झाली होती. ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणारी मुले असलेल्या कुटुंबांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्क्यांकडे स्मार्टफोन होता, तो २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांकडे आला. पण घरात फोन असणे आणि मुलाच्या हातात फोन असणे यांत फरक आहे, कारण फोन बापाबरोबर शेतात, कामावर किंवा ऊसतोडीला जातो. चाळीसगाव, पारोळा किंवा साक्रीकडील जी कुटुंबे दिवाळीनंतर तोडीला निघतात, त्यांची मुले फडावर असताना क्यूआर कोड नुसताच पानावर राहतो. म्हणूनच जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी आलेली ‘टिलीमिली’ मालिका महत्त्वाची ठरली; इंटरनेट नसलेल्या घरातही ती पोहोचली, शिवाय तिच्यात मुलांनी घरच्या माणसांबरोबर करून बघायच्या कृती होत्या.

डिजिटल वर्ग उभा करण्याची मोहीम जितकी गाजते, तितकी तो चालता ठेवण्याची धडपड कधीच गाजत नाही. प्रेरणा सभेत टीव्हीसाठी वर्गणी मिळते, परंतु तीन वर्षांनी प्रोजेक्टरचा दिवा गेला, इन्व्हर्टरची बॅटरी बसली किंवा पत्र्याच्या छताखालच्या खान्देशी उन्हाळ्याने स्पीकर निकामी झाला, तर त्यासाठी दुसरी सभा कोण बोलावणार, हे आधी ठरलेले नसते. वीजबिल हा तर राज्यभरच्या जिल्हा परिषद शाळांचा जुना घोर आहे. बिल थकल्यामुळे जोडणी तोडल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात आणि शिक्षक पदरमोड करून ते भरतात. २०१३ पासून साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे १२५ मेगावॅटचा सौरऊर्जा प्रकल्प चालू आहे, हे लक्षात घेतले तर त्याच जिल्ह्यातील एखादा डिजिटल वर्ग विजेअभावी अंधारात असणे जरा विचित्रच दिसते. ज्या गावांनी शाळेच्या छपरावर सौरपट्ट्या बसवून घेतल्या, त्यांनी या बाबतीत धोरणकर्त्यांपेक्षा अधिक व्यवहारी विचार केला, असे म्हणावे लागेल.

तंत्रज्ञान ही वर्गातील शोभा किंवा जोड न राहता शिकण्याची अटच बनते, अशी एक जागा जळगावात पाहायला मिळते. दीपस्तंभ फाउंडेशनच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग विद्यार्थी राहून उच्च शिक्षणाची आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला संगणकावर अभ्यास करायचा तर पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, म्हणजे ‘स्क्रीन रीडर’, लागते. ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणांनी २००६ पासून विकसित केलेला ‘एनव्हीडीए’ हा असा वाचक विनामूल्य मिळतो आणि मराठी मजकूरही वाचतो. लेखनिक आणि वाचक मिळवण्यासाठी दुसऱ्याची मनधरणी करत शिकलेल्या आधीच्या पिढीच्या तुलनेत हा बदल फार मोठा आहे. इथे मुलांचे लक्ष वेधून घेण्याचा प्रश्नच येत नाही. आजवर बंद असलेले पुस्तक उघडले, एवढे कारण मन गुंतायला पुरेसे असते. मात्र डिजिटल शाळांसाठी बनवलेल्या बहुसंख्य चित्रफितींत जे चित्रात दिसते ते शब्दांत सांगितलेले नसते आणि स्कॅन करून पाठवलेल्या कागदांच्या नुसत्या प्रतिमा असल्यामुळे वाचक-प्रणालीला त्या वाचता येत नाहीत, त्यामुळे सर्वसाधारण शाळेत बसलेल्या दृष्टिहीन मुलासाठी डिजिटल वर्ग हा साध्या वर्गापेक्षा अधिक अडचणीचा ठरू शकतो.

शेवटी सगळा भार येऊन पडतो तो शिक्षकाच्या वेळेवर. चांगला प्रश्न काढणे, चित्रफीत आधी स्वतः पाहून कुठे थांबायचे ते ठरवणे, कार्डांच्या उत्तरांवरून कोणत्या पाच मुलांना उद्या वेगळे बसवायचे हे नोंदवणे, या कामांना शाळेच्या वेळापत्रकात तासिका नसते. उलट ज्या फोनने हे सारे करायचे, त्याच फोनवर पोषण आहाराची रोजची नोंद, विद्यार्थ्यांची ऑनलाइन माहिती, वेगवेगळ्या उपक्रमांची छायाचित्रे आणि केंद्रापासून जिल्ह्यापर्यंतच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘तात्काळ’ मागवलेले तक्ते पाठवायचे असतात, आणि द्विशिक्षकी शाळेत त्यासाठी एक वर्ग काही काळ टीव्हीपुढे बसवावा लागतो. धुळ्याने पडदा कसा आणायचा हे राज्याला शिकवले; आता शिक्षकाचा फोन दिवसातून निदान चार तास फक्त त्याच्या वर्गाचाच राहील, असा एखादा आदेश कोणत्या जिल्हा परिषदेकडून प्रथम निघतो, हे पाहायचे आहे.